सागरी व उष्णकटिबंधीय जीवशास्त्र : खानदेशातील अध्ययन

उष्ण कटिबंधातील रान, नदी आणि समुद्र यांतील सजीवांचा अभ्यास करणारी जीवशास्त्राची शाखा. किनाऱ्यावरच्या विद्यापीठांत तिचे दोन्ही भाग एकाच आवारात शिकता येतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, तसे नाही. उष्ण कटिबंध येथे दाराशी आहे. समुद्र गाठायला मात्र तापीच्या काठाकाठाने सुरतेपर्यंत सुमारे 300 किमी जावे लागते. जळगावचे विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झाले आणि 2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. त्याआधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणारा विद्यार्थी या शाखेकडे वळतो.

‘उष्णकटिबंधीय’ म्हटले की बारमाही हिरवे, ओलेचिंब अरण्य डोळ्यांसमोर येते. खानदेश पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असला, तरी इथले रान शुष्क पानझडीचे आहे. चार महिने पाऊस, मग आठ महिने कोरड, आणि उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांवर. साग, सालई, अंजन, धावडा, खैर, पळस, मोह या झाडांनी या तऱ्हेशी जुळवून घेतले आहे. पाने गळलेल्या रानात पळस आणि मोह फुलतात, तो काळ मोजमापाला उत्तम. कोणते झाड कधी निष्पर्ण झाले, कधी मोहरले, त्यावर कोणते कीटक आले, याची वर्षानुवर्षे ठेवलेली वही हे मोठे संशोधन आहे आणि त्याला महागडी उपकरणे लागत नाहीत. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्ये व तोरणमाळचे पठार ही त्यासाठीची जवळची ठिकाणे. अभयारण्यात काम करायचे तर वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी लोकांना झाडाझुडपांची जी जाण आहे, तिच्या आधाराशिवाय इथली वनस्पतिनोंद अपुरीच राहते.

या प्रदेशाने जगाच्या पक्षिशास्त्राला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रानपिंगळा. पक्षिअभ्यासक अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. 1880च्या दशकात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र शतकभर खात्रीची नोंदच नाही. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला नमुना मिळाल्याचे सांगितले होते, आणि त्या नमुन्याला बांधलेल्या माहितीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढच्या अभ्यासकांचा शोध भलतीकडे गेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो नमुना डेव्हिडसन यांच्या संग्रहातून चोरून, नव्याने भरून मांडलेला निघाला. खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या जागा उरल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळच्या रानात तो पक्षी जिवंत दिसला. मधे 113 वर्षे गेली होती. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी त्याच्या वागणुकीचा अभ्यास केला. तो दिवसाही शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. म्हणून ढोली असलेले एकेक जुने झाड त्याच्यासाठी मोलाचे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नमुन्याची चिठ्ठी लिहायला शिकवताना हीच गोष्ट सांगावी: तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव चुकले, की एका जातीचा शोध भरकटतो.

समुद्राची ओळख इथे बहुतेकांना आधी बरणीतून होते. स्पंज, तारामासा, समुद्री काकडी, फॉर्मॅलिनमध्ये रंग उडालेले. मग कोकण, गोवा किंवा द्वारकेकडची अभ्याससहल निघते आणि पहिल्यांदा ओहोटी दिसते. ओहोटीने उघड्या पडणाऱ्या खडकांवर चौकट ठेवून आतले शिंपले, बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी), खेकडे मोजायचे, हे तिथले मूळ काम. वेळ चुकली तर दिवस वाया. त्यासाठी किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला सुमारे सहा वाजता भरती, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, जेव्हा पाणी सर्वांत मागे हटते, तेव्हा भल्या पहाटे किंवा संध्याकाळी खडकावर हजर राहायचे. नमुने उचलून आणण्याची जुनी पद्धत आता सोडलीच पाहिजे. 2001 पासून खडक रचणारी प्रवाळे आणि सर्व समुद्री काकड्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. फोटो, मोजमाप आणि जागेची नेमकी नोंद एवढेच परत आणावे.

पुढे सागरी शाखेतच राहायचे असेल, तर खानदेश सोडावा लागतो. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (1961), शिरगाव-रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय, दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (1966) आणि तमिळनाडूत परंगीपेट्टई येथील अन्नामलाई विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र ही ठळक ठिकाणे.

घरी राहून समुद्राशी नाते ठेवायचे, तर वाट तापीतून जाते. मुलताईपासून अरबी समुद्रापर्यंत 724 किमीच्या या नदीत हतनूरचा जलाशय, हिवाळी बदके, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), पाण्यातला ऑक्सिजन यांचा अभ्यास होत आला आहे. समुद्र आणि नदी यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या जातींकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. हिलसा हा मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. अँग्विला ही खरी वाम उलट नदीत वाढून प्रजननासाठी समुद्रात जाते. मासळीबाजारात ‘वाम’ म्हणून मिळणारा काटेरी मासा वेगळा, तो जन्मभर गोड्या पाण्यातच राहतो. मोठ्या गोड्या कोळंबीच्या पिल्लांनाही वाढीसाठी मचूळ पाणी लागते. 1950च्या दशकात गुजरातेत काकरापारचा बंधारा आणि 1972 मध्ये उकाई धरण झाले, वरच्या अंगाला प्रकाशे व सारंगखेड्याचे बंधारे आले. या जातींचा वरचा रस्ता त्यामुळे अडला. पूर्वी त्या कुठपर्यंत येत, कोणत्या डोहात सापडत, त्यांना अहिराणीत काय म्हणत, हे काठावरच्या मच्छीमारांना विचारून लिहून घेता येईल. उकाई भरले तेव्हा विशीत असलेली ती माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत.