आयवाझोव्हस्कीची सागरचित्रे

क्रिमियातील फिओदोसिया या बंदरगावात जन्मलेला आर्मेनियन वंशाचा चित्रकार इव्हान आयवाझोव्हस्की (२९ जुलै १८१७ – २ मे १९००) याने रंगवलेली समुद्राची व निसर्गाची चित्रे. त्याच्या एकूण चित्रांची संख्या सहा हजारांच्या घरात सांगितली जाते. आरमारी लढाया, प्रवासात पाहिलेली बंदरे आणि बायबलमधील प्रसंग हे त्याचे मुख्य विषय. कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर मात्र ही वर्गवारी पुसट होते. विषय कोणताही असला, तरी नजर आधी जाते ती पाण्यावर पडलेल्या उजेडाकडे.

समुद्रकाठी जन्म काढलेला हा माणूस समुद्रासमोर बसून क्वचितच रंगवी. फिओदोसियातील त्याच्या चित्रशाळेची खिडकी अंगणाकडे उघडत असे. तिथून समुद्र दिसत नसे. लाट किंवा वीज क्षणभरही थांबत नाही, तेव्हा ती समोर पाहून काढता येत नाही, असे त्याचे ठाम मत होते. जागेवर पेन्सिलीने मोजक्या रेषांचे रेखाटन करायचे आणि पुढचे सगळे आठवणीतून. सुरुवात आकाशापासून होई. कॅनव्हास कितीही मोठा असला, तरी आकाश एका बैठकीत पुरे करायचे, मग त्यासाठी सलग बारा तास उभे राहावे लागले तरी चालेल. लाटेच्या माथ्याजवळ तो तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक देई. त्यामुळे तिथले पाणी काचेसारखे आतून उजळलेले दिसते.

सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत त्याने १८३३ पासून शिक्षण घेतले आणि १८४० मध्ये तो इटलीला गेला. व्हेनिसजवळच्या सॅन लाझारो बेटावर आर्मेनियन मेखिटारिस्ट संन्याशांचा मठ आहे. त्याचा थोरला भाऊ गाब्रिएल तिथेच राहत होता. घरापासून इतक्या दूर आयवाझोव्हस्कीला आपल्या लोकांची भाषा आणि प्रार्थना पुन्हा भेटली. त्याच काळात त्याने ‘केऑस’ (१८४१) रंगवले. सृष्टी घडण्यापूर्वीचे काळे, खवळलेले पाणी, आणि वर ढग फाडून उतरणारा, मानवी आकृतीचा नुसता भास देणारा प्रकाश. पोप ग्रेगरी सोळावे यांनी हे चित्र व्हॅटिकनसाठी घेतले. आज ते सॅन लाझारोच्या मठात आहे.

१८४४ मध्ये रशियन आरमाराने त्याला आपला चित्रकार नेमले. पुढच्याच वर्षी त्याने आरमाराबरोबर तुर्कस्तान आणि ग्रीक बेटांचा प्रवास केला. ‘चेस्मेची लढाई’ (१८४८) हे या पर्वातले सर्वांत गाजलेले चित्र. १७७० मध्ये रशियाने तुर्की आरमार जाळले, ती ही रात्र. ही घटना चित्रकाराच्या जन्माच्या ४७ वर्षे आधीची. एका बाजूला धडधडत्या गलबतांचा तांबडा जाळ आणि दुसरीकडे धुराआडून डोकावणारा थंड चंद्र. हे दोन उजेड एकाच पाण्यावर पडले आहेत, आणि विजय कोणाचा झाला याचा प्रेक्षकाला काही वेळ विसरच पडतो. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील सिनोपच्या आरमारी लढाईची (१८५३) चित्रे तर घटना ताजी असतानाच, तीत लढलेल्यांकडून तपशील ऐकून काढली होती.

‘नववी लाट’ (१८५०, २२१ × ३३२ सेंमी.) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. वादळात येणारी नववी लाट सर्वांत मोठी असते, अशी खलाशांची समजूत. रात्र संपली आहे, फुटलेल्या डोलकाठीला काही माणसे चिकटून आहेत आणि समोर सोनेरी पहाट. त्या डोलकाठीत काहींना क्रूस दिसतो. चित्रकाराने तसा आग्रह धरलेला नाही, आणि ते बरेच झाले.

माणसे काढण्यात त्याचा हात तितका चालत नसे. रशियन कवी पुश्किन समुद्राचा निरोप घेतो या चित्रात (१८७७) समुद्र आयवाझोव्हस्कीचा, पण पुश्किन इल्या रेपिन या दुसऱ्या चित्रकाराने काढला आहे. उतारवयात आयवाझोव्हस्की पुन्हा धर्मविषयांकडे वळला. येशू पाण्यावरून चालतो हा प्रसंग त्याने अनेकदा रंगवला. ‘नोहाचे अरारातवरून अवतरण’ (१८८९) हे चित्र येरेवानच्या राष्ट्रीय चित्रवीथीत आहे. अरारात हा आर्मेनियनांचा पवित्र पर्वत; बायबलमधील महाप्रलयानंतर नोहाची नौका तिथे टेकली अशी कथा आहे. नुकत्याच ओसरलेल्या पाण्यातून वर आलेल्या ओल्या, फिकट मैदानावरून माणसे आणि जनावरे रांगेने निघाली आहेत. प्रलय अंगावर येईल असा रंगवणे त्याला सहज जमले असते. त्याने नंतरची शांतता निवडली.

ऑटोमन सुलतानांनीही त्याची चित्रे घेतली. इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यात ती आजही आहेत. मात्र १८९४–९६ मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या, तेव्हा सुलतानाकडून मिळालेली पदके त्याने समुद्रात फेकून दिली असे सांगतात. पाठोपाठ त्या कत्तलींचीही चित्रे काढली.

इतक्या चित्रांत पुनरावृत्ती येणारच. तेच चांदणे, तेच शीड, तीच मावळती अनेक कॅनव्हासवर थोड्या फरकाने भेटते, आणि घाईत उरकलेली चित्रेही ओळखू येतात. पण ऐंशी वर्षांचा झाल्यावर काढलेले ‘लाटांमध्ये’ (१८९८) हे सुमारे ४.३ मीटर रुंदीचे चित्र पाहिले की ही तक्रार मागे पडते. त्यात ना गलबत, ना किनारा, ना येशू. निळ्या-हिरव्या पाण्याचा खळगा आणि ढगांतून उतरलेली एक तिरीप, बस्स.

१८८० मध्ये घराला जोडून उघडलेली चित्रवीथी त्याने मृत्युपत्राने फिओदोसियाला दिली. त्याआधी आपल्या जमिनीतल्या झऱ्याचे पाणीही त्याने या तहानलेल्या गावाला दिले होते. गावकऱ्यांच्या लेखी ती देणगी कदाचित मोठी असेल. मृत्यूच्या दिवशीही तो नवे चित्र रंगवत होता. ‘जहाजाचा स्फोट’ नावाने ओळखला जाणारा तो अपुरा कॅनव्हास याच चित्रवीथीत जपलेला आहे.