खटका गेला, काच आली

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत दिव्याच्या स्विचला 'खटका' म्हणणारी माणसं अजून भेटतात. शब्द अगदी नेमका आहे. दाबला की 'खट्' वाजतं, काम झाल्याचं बोटालाच कळतं आणि अंधारातही हात बरोबर तिथेच जातो. विजेवरच्या मोटारींतून गेली दहा-बारा वर्षं हा खटका हळूहळू नाहीसा होत होता आणि त्याच्या जागी टचस्क्रीनची काच येत होती. आता वारं फिरलंय. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या युरोपातल्या संस्थेने जानेवारी २०२६ पासून निकष बदलले. इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि संकटकाळी मदत मागवणारं एसओएस, या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारी खरीखुरी कळ नसेल, तर गुण कापले जातात.

खटका की काच, या भांडणाचं मूळ विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्लाच्याही बरंच मागे आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. बहुतेकांनी फोटो काढले ते बाहेरच्या चकाकीचे. खरी गंमत मात्र असल्या गाड्यांच्या आत असते. सुरुवातीच्या काळात कुठली दांडी कशाची, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं आणि वेग वाढवायची दांडी स्टिअरिंगखाली हाताशी. आज आपण ज्याला सरळ-साधी मांडणी समजतो ती १९१६ च्या एका कॅडिलॅकमध्ये दिसली आणि १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनने घरोघरी पोचवली. मग जवळपास शंभर वर्षं ती हलली नाही. म्हणून तर काकांची गाडी पुतण्याला न विचारता चालवता येते. आपण याला अंगवळणी पडणं म्हणतो. वळण पडतं ते अंगाला, डोळ्यांना नव्हे.

काच पहिल्यांदा आली १९८६ मध्ये. अमेरिकेतल्या ब्यूक रिव्हिएरामध्ये टीव्हीसारखी नळी असलेला, हिरव्या अक्षरांचा टचस्क्रीन बसवला होता. रेडिओ, एसी सगळं त्यावर. ग्राहक कुरकुरले, नजर रस्त्यावरून ढळते म्हणाले आणि चार-पाच वर्षांत कंपनीने बटणं परत आणली. म्हणजे आजचा सगळा वाद तेव्हाच एकदा होऊन निकालही लागला होता! पण २००७ मध्ये आयफोन आला आणि काचेवर बोट फिरवणं हेच आधुनिकतेचं लक्षण ठरलं. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये १७ इंचांचा पडदा होता. २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये तर स्टिअरिंगमागचं मीटरही गेलं, आणि डाव्या-उजव्या आरशापासून ग्लव्हबॉक्सपर्यंत सगळं १५ इंचांच्या काचेत शिरलं.

यात विजेचा संबंध किती? माझ्या मते जवळजवळ नाही. बॅटरीला आणि मोटरला बटणाचं वावडं नाही; २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत एसीला साधीसुधी बटणंच होती. खरं कारण हिशेबाचं आहे. प्रत्येक बटणाला साचा, तार, जोडणी आणि तपासणी लागते. पडद्यावरचं बटण मात्र चार ओळींच्या कोडमध्ये उगवतं आणि गाडी विकून झाल्यावरही बदलता येतं. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा आला की पडदा आलाच, मग बाकीचं बिऱ्हाड त्यावरच का हलवू नये? नव्या विजेच्या गाड्या कोऱ्या कागदावर आखल्या जात होत्या, त्यामुळे हे बिऱ्हाड तिथे सगळ्यांत आधी हललं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. मार्च २०१९ मध्ये जर्मनीत भर पावसात एक टेस्लाचालक वायपरचा वेग पडद्यावर बदलायला गेला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा २०० युरो दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम ठेवली; चालत्या गाडीत हा पडदा मोबाइलसारखंच उपकरण मानला गेला. २०२१ मध्ये टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या. मेमरी चिप झिजून पडदाच काळा पडत होता, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा आणि काचेवरचं दव घालवण्याची सोयही जात होती.

सगळ्यांत जास्त बोलबाला झाला तो 'व्ही बिलॅगरे' या स्वीडिश मासिकाच्या २०२२ मधल्या चाचणीचा. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामं करायची: एसी-हीटर, रेडिओ, ट्रिप मीटर, दिव्यांचा उजेड. चालकांना आधी सरावही दिला होता. २००५ च्या बटणवाल्या व्होल्व्हो व्ही७० ला १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यांत मागे एमजीची विजेवरची मार्व्हल आर: ४४.९ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. विजेवरच्याच व्होल्व्हो सी४० ने टचस्क्रीन असूनही १३.७ सेकंदांत काम उरकलं. त्यामुळे सगळा दोष काचेवर ढकलता येत नाही. मेनूत मेनू कोंबणाऱ्यांनीही घोळ घातलाय.

माघार तशी आधीच सुरू झाली होती. होंडाने सिव्हिकमधून काढलेली आवाजाची खुंटी लवकरच इतर मॉडेलांत परत आली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या 'जॉन एस. मॅकेन' या युद्धनौकेची टक्कर होऊन १० नौसैनिक गेले. सुकाणूच्या टचस्क्रीनवरचा गोंधळ हे त्यामागचं एक कारण निघालं आणि आरमाराने इंजिनच्या वेगासाठी परत दांड्या बसवायचं ठरवलं. आयडी. ३ मध्ये रात्री न उजळणाऱ्या स्पर्शपट्ट्या देणाऱ्या फोक्सवॅगननेही पुढे ती चूक कबूल करून महत्त्वाच्या कामांना बटणं परत देणार असल्याचं सांगितलं.

बडोद्याला हा विषय परका नाही, कारण चाळीसेक किलोमीटरवर पावागडच्या पायथ्याशी हालोल आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये सोडलेला तिथला कारखाना एमजीकडे आला. २०१९ ची हेक्टर तिथलीच, १०.४ इंचांच्या उभ्या पडद्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली विजेवरची विंडसरही तिथलीच. तिचा पडदा १५.६ इंचांचा आणि एसी त्यावरूनच चालतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. चालक उजवीकडे बसतो, म्हणून मधल्या पडद्यावर बोट ठेवायचं ते डाव्या हाताने. आपण बहुतेक उजखोरे, त्यात रस्त्याला खड्डे. नेमक्या चौकोनावर बोट टेकवणं अमेरिकेतल्या चालकापेक्षा आपल्याला जड जाणारच.

युरो एनकॅपची यादी युरोपच्या हवेत बनलेली आहे. बडोद्यात मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहून तापली की सगळ्यांत आधी हात जातो तो एसीच्या पंख्याकडे, आणि त्या पाच गोष्टींत एसी नाही.