आंत्रकृमींचा संसर्ग

माणसाच्या आतड्यात राहून त्याच्या अन्नावर किंवा रक्तावर जगणाऱ्या परजीवी कृमींमुळे होणारा विकार. बोलीभाषेत याला ‘पोटात जंत होणे’ म्हणतात. गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी हे तीन कृमी मातीच्या मार्गाने पसरतात आणि त्यांचा संसर्ग जगातील सुमारे १५० कोटी लोकांना झालेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्याखेरीज सूत्रकृमी आणि पट्टकृमी हेही माणसाच्या आतड्यात आढळतात.

हा संसर्ग समजून घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. जिवाणू शरीरात शिरल्यावर तेथेच वाढत जातात, तसे मातीतून येणाऱ्या या तीन कृमींचे होत नाही. मादी आतड्यात अंडी घालते, पण ती अंडी तेथे उबत नाहीत. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि ओलसर, उबदार मातीत काही दिवस किंवा काही आठवडे राहिल्यावरच त्यांच्यापासून नवा संसर्ग होऊ शकतो. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात वीस गोलकृमी असतील, तर वीस अंडी बाहेरूनच, वेगवेगळ्या घासांतून किंवा मळक्या बोटांतून त्याच्या तोंडात गेलेली असतात. जंतनाशक गोळी पोट साफ करते. अंगण, शेत आणि परसाकडची वाट ती साफ करू शकत नाही. म्हणून प्रतिबंधाचा विचार मातीपासून सुरू करावा लागतो.

गोलकृमी सर्वांत मोठा असून मादीची लांबी ३५ सेंटिमीटरपर्यंत भरते आणि ती दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. गिळलेल्या अंड्यातून लहान आतड्यात अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतातून फुप्फुसात जाते, तेथून श्वासनलिकेने घशापर्यंत चढते आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात परतते. या प्रवासात काही मुलांना कोरडा खोकला व धाप लागते. अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात. कृमी थोडे असतील तर लक्षणे जाणवतही नाहीत. पुष्कळ असतील तर पोटदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि वाढ खुंटणे दिसते. क्वचित त्यांचा गुंता होऊन लहान मुलाचे आतडे बंद पडते व शस्त्रक्रिया करावी लागते. चाबूककृमी मोठ्या आतड्यात डोके रुतवून राहतो. त्याची संख्या फार झाली तर आव पडते.

अंकुशकृमी जेमतेम एक सेंटिमीटर लांब असतो, पण तिघांत जास्त नुकसान तोच करतो, कारण तो आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची अळी तोंडातून येण्याची वाट पाहत नाही. ओल्या मातीत ती अनवाणी पायाच्या कातडीतून, बहुधा बोटांच्या बेचक्यांतून, आत शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब पडला, तेथे खाज सुटली आणि पुढे त्याच्या स्वतःच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी आढळली; त्यावरून हा मार्ग उघड झाला.

नाशिक जिल्ह्याची भूमी या दृष्टीने एकसारखी नाही. पूर्वेकडील तालुक्यांत पाऊस कमी आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडते. कोरड्या, तापलेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या फार काळ टिकत नाहीत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या पश्चिमेच्या तालुक्यांत मात्र पावसाळाभर माती ओली राहते, आणि भाताची आवणी व नागलीची लावणी करणारी माणसे दिवसचे दिवस चिखलात अनवाणी उभी असतात. आवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या बहुतेक वेळा बुरशीच्या असतात, तरी पायाला सुटणाऱ्या प्रत्येक खाजेचे कारण बुरशीच असेल असे गृहीत धरू नये. चिखलात चप्पल टिकत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. त्यामुळे या भागात ‘पायात घाला’ या सल्ल्यापेक्षा शेताच्या बांधावर कोणी शौचास बसणार नाही अशी सोय करणे अधिक परिणामकारक ठरते. हीच कुटुंबे हंगामात निफाड, दिंडोरीकडील द्राक्षबागांत मजुरीला येतात, तेव्हा मालकाने मुक्कामाच्या जागी शौचालय व हात धुण्याचे पाणी देणे ही प्रतिबंधातली मोठी गोष्ट आहे.

दुसरा मार्ग भाजीचा. नाशिकच्या गंगाघाटावरील बुधवारच्या बाजारात मेथी, पालक, कोथिंबिरीच्या जुड्या मुळांसकट, माती लागलेल्या विकल्या जातात. कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाते, म्हणून तिची जुडी सोडून, मुळे कापून, काडी न् काडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. गोलकृमीच्या अंड्यावर चिकट, जाड कवच असते. मिठाच्या पाण्यात भाजी नुसती बुडवून ठेवल्याने ते मरत नाही, आणि पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरिननेही मरत नाही. उकळल्याने मात्र मरते. सांडपाण्यावर किंवा कच्च्या सोनखतावर (माणसाच्या विष्ठेच्या खतावर) पिकवलेल्या भाजीचा धोका अधिक असतो. सोनखत टाकाऊ नाही. पण दोन खड्ड्यांच्या शौचालयात भरलेला खड्डा निदान वर्ष-दोन वर्षे बंद ठेवून मगच ते उपसावे, कारण गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात.

डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची भीती मांस न खाणाऱ्याला नसते, हा गैरसमज घातक आहे. अर्धवट शिजलेल्या मांसातून आतड्यातला कृमी येतो. पण मेंदूत गाठी करून आकडी आणणारा विकार त्या कृमीची अंडी गिळल्याने होतो. तो शुद्ध शाकाहारी माणसालाही न धुतलेल्या भाजीतून होऊ शकतो.

सूत्रकृमीला मातीची गरज नसते. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि काही तासांत पुन्हा तोंडात जातात. म्हणून औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावे, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे, आणि अंथरूण व आतले कपडे त्याच दिवशी धुवावेत.

घरोघरी जंतांची काही ठरलेली कारणे व लक्षणे सांगितली जातात, पण ती खरी धरू नयेत. गूळ-साखर खाल्ल्याने जंत होत नाहीत. झोपेत दात खाणे किंवा गालावरचे पांढरे चट्टे हेही जंतांचे खात्रीचे लक्षण नव्हे. जंतांवर वावडिंग देण्याची परंपरा जुनी आहे, पण जंत आहेत की नाहीत हे आधी विष्ठेच्या तपासणीनेच ठरवावे.

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो; १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा आहेत. २ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, आणि १ ते २ वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी, विनामूल्य देतात. कृमीला साखर शोषता येऊ न देऊन हे औषध त्याची उपासमार करते. गोळी चावून खावी; लहान बाळाला ती चुरून पाण्यातून द्यावी. त्या दिवशी मूल आजारी असेल तर ती देऊ नये, आकडी येणाऱ्या मुलाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गरोदर स्त्रीने पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये. गोळीनंतर मळमळ किंवा पोटात कळ आली तर पालक घाबरतात. पोटात जंत अधिक असल्यास असे होते आणि ते थोड्या वेळात थांबते. एका गोळीने गोलकृमी बहुतेक निघून जातात, चाबूककृमी मात्र तितका दाद देत नाही. अंकुशकृमी पडून गेले तरी त्यांनी आणलेला पांडुरोग (रक्तक्षय) त्यांच्याबरोबर जात नाही. रक्त भरून येण्यासाठी लोहाच्या गोळ्या पुढे काही महिने घ्याव्या लागतात.