सुरुवातीच्या बूटमधला कर्नल पॅनिक

बूटलोडरने (मशीन चालू होताच सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरीत टाकून ताबा त्याच्याकडे दिला, की तिथपासून पहिला युजर प्रोग्राम म्हणजे इनिट नीट सुरू होईपर्यंत जो काळ जातो त्यात कर्नल कोसळला (त्याने स्वतःच हात टेकून थांबणं म्हणजे पॅनिक) तर त्याला अर्ली बूट क्रॅश म्हणतात. हा काळ असतो जेमतेम काही सेकंदांचा, पण यातला क्रॅश नेहमीच्या क्रॅशपेक्षा कितीतरी जास्त डोकं खातो, कारण एरवी पुरावा सांभाळणारं जे काही असतं, लॉग लिहिणारी सर्व्हिस, डिस्क, नेटवर्क, कधीकधी तर स्क्रीनसुद्धा, त्यातलं काहीच अजून उभं राहिलेलं नसतं. त्यामुळे इथे कामं दोनच: मशीन मरताना काय बोललं ते कुठूनतरी ऐकायचं, आणि पुढच्या वेळी ते निदान चालू होईल अशी सोय करायची. इथली माहिती मुख्यतः लिनक्सची आहे, विंडोजचं शेवटी थोडं.

किती लवकर मेलं यावर सगळं अवलंबून. एक्स८६ प्रोसेसरवर एक्सेप्शन हँडलर (चूक झाली की ती सांभाळणारा कोड) बसायच्या आधीच काही चुकलं तर ट्रिपल फॉल्ट (चूक सांभाळतानाच पुन्हा चूक) होतो आणि मशीन सरळ रिसेट होतं, मेसेज वगैरे काही नाही, लोगो, काळी स्क्रीन, परत लोगो असं चक्र चालू राहतं. हे खऱ्या मशीनवर शोधत बसण्यात अर्थ नाही, प्रॉब्लेम क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनमध्ये, दिसत असेल तर तिथे रीबूट बंद करून आणि जीडीबी हा डीबगर जोडून बघणं कधीही सोपं.

त्याच्या थोडं पुढे गेलं की कर्नल बोलत असतो पण ऐकू येत नाही. प्रिंटकेचे (कर्नलचं मेसेज छापणारं फंक्शन) मेसेज मेमरीतल्या बफरमध्ये पडतात, आणि ते बाहेर दाखवणारा खरा कन्सोल ड्रायव्हर बराच नंतर येतो. मधली पोकळी भरायला अर्लीकॉन आणि जुना अर्लीप्रिंटके हे कर्नलला सुरू होताना द्यायचे पॅरामीटर आहेत. सिरीयल पोर्ट असेल तर उत्तमच, ११५२०० बॉडला दुसऱ्या मशीनवर सगळं उतरवून घेता येतं. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतो, तिथे अर्लीकॉनला ईएफआयचा (मशीनच्या फर्मवेअरचा) फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनची मेमरी, वापरायला सांगायचं आणि सोबत कीप-बूटकॉन द्यायचं, नाहीतर खरा कन्सोल येताना हा तात्पुरता कन्सोल बंद होतो आणि नेमकी तिथेच गाडी अडकलेली असेल तर काहीच कळत नाही. हे सगळं एकदाच करून बघायचं असेल तर ग्रबच्या (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) मेनूत ई दाबून लिनक्स शब्दाने सुरू होणारी ओळ बदलायची आणि कंट्रोल-एक्स मारायचं, फाइलमध्ये काहीही बदलत नाही.

मेसेज भराभर वर पळत असतील तर बूट-डिले नावाचा पॅरामीटर प्रत्येक ओळीनंतर ठराविक मिलिसेकंद थांबवतो (कर्नल बनवताना तो पर्याय चालू ठेवलेला असेल तरच), नाहीतर सरळ मोबाइलने व्हिडिओ काढा, हा उपाय दिसायला गावठी पण भारी चालतो. वाचताना पहिला ऊप्स (कर्नलने छापलेला एररचा अहवाल) महत्त्वाचा, स्क्रीनवर शेवटी उरलेला बरेचदा त्याच्या मागून आलेला गोंधळ असतो.

दोन मेसेज फार कॉमन आहेत. रूट फाइलसिस्टीम (सिस्टीमच्या सगळ्या फाइल असलेली मुख्य जागा) माउंट करता येत नाही असं म्हणून शेवटी अननोन-ब्लॉक आणि कंसात दोन आकडे येतात, ते आकडे बघा. ०,० असेल तर कर्नलला रूटचं डिव्हाइसच सापडलेलं नाही, म्हणजे इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम) लोड झाली नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर नाही, किंवा रूटचा पॅरामीटर चुकलाय. ८,१ आलं तर एसडीए१ (पहिल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन) पर्यंत पोचलाय, फाइलसिस्टीम वाचता येत नाहीये. दुसरा मेसेज इनिटला मारायचा प्रयत्न झाला असा, त्यात एक्झिट कोड असतो. त्यातून १२७ निघाला तर कर्नलला शिव्या देऊ नका, बहुतेक एखादी शेअर्ड लायब्ररी गायब आहे. ११ म्हणजे इनिटचा सेगफॉल्ट, मेमरीत नको तिथे हात घातल्याने कोसळणं.

क्रॅश डंपसाठी (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) सगळे केडंपचं नाव घेतात, २००५ साली २.६.१३ मध्ये त्याचा पाया केएक्झेकसोबत (चालू कर्नलमधून थेट दुसरा कर्नल सुरू करणारी सोय) आला. पण त्याचा दुसरा कर्नल युजरस्पेसमधून लोड होतो, म्हणजे सिस्टीम वर आल्यावर, त्यामुळे इथे त्याचा उपयोग शून्य. पीस्टोअर जरा बरा. तो शेवटचे मेसेज ईएफआय व्हेरिएबलमध्ये किंवा रॅमऊप्स असेल तर रॅमच्या राखीव तुकड्यात ठेवतो आणि पुढच्या यशस्वी बूटनंतर ते वाचता येतात. रॅमऊप्सवाल्यांनी पॉवर बटण दाबून ठेवायचं नाही, वीज गेली की रॅमसोबत पुरावाही गेला. २०२४ मध्ये ६.१० पासून ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतःच पॅनिकची स्क्रीन काढू लागले आणि ६.१२ मध्ये त्यात क्यूआर कोडही आला, पण त्यासाठी ग्राफिक्स ड्रायव्हर आधी सुरू झालेला हवा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या क्रॅशला तोही नाही.

आता मशीन परत उभं करणं. समोर असेल तर ग्रबमधून जुना कर्नल निवडा, संपलं. लांबच्या सर्व्हरवर मात्र नवा कर्नल टाकताना आधीच तयारी लागते: डिफॉल्ट जुनाच ठेवायचा, ग्रब-रीबूटने नवा फक्त एका वेळेसाठी निवडायचा आणि त्याला पॅनिकचा टाइमआउट १० द्यायचा. पॅनिक झाला तर १० सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येतं. हा टाइमआउट मूळात ० असतो, म्हणजे कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत मशीन तसंच बसून राहणार. पॅनिक न होता नुसतं अडकलं तर यानेही काही होत नाही, तिथे हार्डवेअर वॉचडॉग (मशीन अडकलं की ते रिसेट करणारा टायमर) लागतो. एम्बेडेड बोर्डांवर यू-बूट हा बूटलोडर बूटचे प्रयत्न मोजतो आणि मर्यादा ओलांडली की पर्यायी कमांड चालवतो, अँड्रॉइडचे ए आणि बी स्लॉट (सिस्टीमच्या दोन प्रती) याच विचाराचे.

विंडोजमध्ये रूट न सापडण्याचा जुळा भाऊ म्हणजे बूट डिव्हाइस मिळत नाही असं सांगणारा स्टॉप कोड ७बी, बायोसमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलला की हमखास येणारा. सलग दोन बूट फसले की विंडोज स्वतःच रिकव्हरीत जातं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन पाडली, तेव्हा त्यांचा ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच लोड होणारा असल्यामुळे बरीच मशीन बूट लूपमध्ये अडकली आणि दुरुस्तीचं अपडेट नेटवरून घ्यायला ती तेवढा वेळ जिवंतच राहत नव्हती. मग सेफ मोड किंवा रिकव्हरीत जाऊन अपडेटची ती सदोष फाइल हाताने उडवायची, आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर त्याआधी प्रत्येक मशीनची रिकव्हरी की शोधून टाइप करायची.