दूरचित्रवाणी जाहिरात : प्रकार व शैली

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोल देऊन घेतलेल्या ठरावीक वेळात वस्तू, सेवा, संस्था किंवा विचार यांची शिफारस करणारा दृक्‌श्राव्य मजकूर. व्यवसायात त्याला जाहिरातपट, स्पॉट किंवा नुसते ‘ॲड’ म्हणतात. भारतात वेळेची विक्री दहा सेकंदांच्या हिशेबाने होते, म्हणून पुष्कळ जाहिराती दहाच्या पटीत बसवलेल्या आढळतात. आपल्याकडील प्रक्षेपणात सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतात. अर्ध्या मिनिटाची जाहिरात म्हणजे ७५० चौकटी.

‘प्रकार’ आणि ‘शैली’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्रस्तुत नोंदीत प्रकार म्हणजे जाहिरातीचा सांगाडा : कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि पुरावा म्हणून काय पुढे करतो. शैली म्हणजे त्या सांगाड्यावर चढवलेला भाषा, संगीत, छायाचित्रण व अभिनय यांचा साज. ही विभागणी काटेकोर नाही. गाण्याची जाहिरात प्रकारात धरावी की शैलीत, याविषयी मतभेद राहणारच.

उगम : दूरचित्रवाणीवरील पहिली जाहिरात म्हणून सामान्यतः १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी केंद्राने बेसबॉल सामन्याआधी दाखवलेल्या बुलोव्हा घड्याळांच्या जाहिरातीचा उल्लेख होतो. ती सुमारे दहा सेकंदांची होती आणि तिच्यासाठी नऊ डॉलर आकारल्याचे बहुतेक ठिकाणी नमूद आहे. याआधीचा एक दावा बॉस्टन शहराचा आहे. तेथे डिसेंबर १९३० मध्ये एका प्रायोगिक केंद्राने फरचे कपडे विकणाऱ्या दुकानाच्या प्रायोजित रेडिओ कार्यक्रमाचे चित्र प्रक्षेपित केले. परंतु प्रायोगिक केंद्रांना त्या काळी जाहिरात करण्यास मनाई होती, आणि तो मजकूर मूळ रेडिओ कार्यक्रमाचाच भाग होता. व्यावसायिक परवाना, ठरलेला दर आणि कार्यक्रमापासून वेगळी काढलेली वेळ या तीन कसोट्या लावल्या, तर १९४१ चा दावा अधिक सयुक्तिक ठरतो.

या वादाहून महत्त्वाची आहे ती त्या जाहिरातीची घडण. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर घड्याळ आणि मागे निवेदकाचा आवाज, एवढाच तिचा ऐवज. म्हणजे या माध्यमाची सुरुवात स्थिर चित्र व आवाज यांच्या जोडीने झाली. नट, कथा, प्रसंग हे नंतर आले. अनेक संदर्भग्रंथांत स्थिर चित्राची जाहिरात वेगळा प्रकार म्हणून धरलेली नसते. कोल्हापूरसारख्या शहरातील स्थानिक वाहिन्यांवर मात्र हाच प्रकार दीर्घकाळ मुख्य राहिला. म्हणून या नोंदीत त्याचा विचार थोडा विस्ताराने केला आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. १९८२ मध्ये रंग आला. ‘हम लोग’ (१९८४) या मालिकेला मॅगी नूडल्सचे प्रायोजकत्व मिळाले आणि सुट्या स्पॉटबरोबर प्रायोजित मालिकेचा मार्ग रूढ झाला. मराठी माणसांनी उभी केलेली विको ही कंपनीही याच सुमारास ‘ये जो है जिंदगी’ची प्रायोजक होती. मराठीतून खास मराठी प्रेक्षकांसाठी जाहिरात करण्याला खरे बळ मिळाले ते अल्फा मराठी (१९९९) व ई टीव्ही मराठी (२०००) या उपग्रह वाहिन्यांमुळे.

प्रकार : सर्वांत सोपा प्रकार प्रवक्त्याचा. एक व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहून थेट प्रेक्षकाशी बोलते. ती कधी वैद्य किंवा खेळाडू असते, कधी कल्पित गृहिणी. लिंटास या जाहिरात संस्थेत अलेक पदमसी यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली आणि कविता चौधरी यांनी साकारलेली सर्फची ललिताजी हे या प्रकाराचे भारतातील ठळक उदाहरण. स्वस्त निरमाने बाजार काबीज केला असताना महाग पावडर घेणारी बाई उधळी नाही, हिशेबी आहे, हे ललिताजीने प्रेक्षकांना पटवायचे होते. म्हणून तिची शैली लाडिक ठेवलेली नाही, ती भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईची आहे. प्रवक्त्याचा अधिकार कशातून येतो हे ठरले की शैली आपोआप ठरते, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

प्रशस्तीत सामान्य ग्राहक स्वतःचा अनुभव सांगतो. प्रात्यक्षिकात वस्तू स्वतःच साक्ष देते : डाग जातो, रंग टिकतो, जोड तुटत नाही. दूरचित्रवाणीला सर्वाधिक साजणारा प्रकार हाच, आणि वादही याच प्रकारात अधिक. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास दाढीच्या क्रीमच्या एका जाहिरातीत सँडपेपर भादरून दाखवला होता. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर होती ती वाळू चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी. खरा सँडपेपर भिजून मऊ व्हायला तासाहून अधिक वेळ लागत होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असे न सांगितलेले नकली प्रात्यक्षिक फसवे ठरवले, वस्तूचा गुण खरा असला तरीही. प्रकाशझोतात वितळणाऱ्या आइस्क्रीमच्या जागी दुसरा पदार्थ ठेवणे आणि पुरावा म्हणून दाखवलेली वस्तूच बदलणे यांतील फरक या निकालाने स्पष्ट झाला.

जीवनप्रसंगात दोन-तीन पात्रांचे घरगुती नाट्य घडते. सासू-सून, शेजारीण, परीक्षेला निघालेला मुलगा अशी पात्रे. अडचण उभी राहते आणि वस्तू ती सोडवते. गाण्याची जाहिरात (जिंगल) भारतात रेडिओवरून आली. निरमाचे गाणे पडद्यावर येण्याआधी रेडिओवर रुळलेले होते. तुलनेच्या जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचे नाव घेण्यास सरसकट बंदी नाही, मात्र त्याची नालस्ती करता येत नाही. याखेरीज चेतनचित्र (ॲनिमेशन), उत्सुकता ताणणारी ‘टीझर’, जनहिताची जाहिरात, टेलिशॉपिंगची लांबलचक माहितीजाहिरात, आणि मद्य-तंबाखूवरील बंदीतून वाट काढण्यासाठी सोडा किंवा संगीताच्या नावाने केलेली आडून जाहिरात हे प्रकार आहेत.

भाषा : मराठी वाहिन्यांवरील पुष्कळशा जाहिराती हिंदीवरून डब केलेल्या असतात. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येत असल्याने ओठांची हालचाल बऱ्यापैकी जुळते. अडते ते लिंगापाशी. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. तो साबण, ती पावडर, ते तेल हे सांभाळताना घाईतला अनुवादक हिंदीचेच लिंग ठेवतो आणि वाक्य परके होते. मराठी घरांत नाममुद्रेचे (ब्रँडचे) लिंग बोलणारेच ठरवतात. ‘कोलगेट संपलं’ हे कोणत्याही टूथपेस्टबद्दल म्हटले जाते. अशा बोलण्याकडे कान ठेवणारी मराठी जाहिरात अनुवादाच्या पुढे जाते.

कोल्हापुरी बोलीचा वापर वेगळाच प्रश्न उभा करतो. ‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘जगात भारी’ हे शब्दप्रयोग बाहेरच्या जाहिरातींत विनोदासाठी, रांगड्या पात्राच्या तोंडी येतात. कोल्हापुरातील दुकानदाराच्या जाहिरातीत तेच शब्द आपुलकीची खूण असतात. शब्द तेच, पण पहिल्या ठिकाणी बोली पाहुण्यांना दाखवली जाते, दुसऱ्या ठिकाणी ती घरात बोलली जाते. शैलीच्या अभ्यासात हा भेद दुर्लक्षून चालणार नाही.

कोल्हापूर : या शहराला चित्र रंगवून लोकांना बोलावण्याची जुनी परंपरा आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ च्या अखेरीस की १९१८ मध्ये स्थापन झाली, याबाबत एकवाक्यता नाही. ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला. ‘वत्सलाहरण’ (१९२३) या चित्रपटासाठी त्यांनी केलेल्या भित्तिपत्रकाला भारतातील पहिले सचित्र चित्रपट-भित्तिपत्रक मानण्याचा प्रघात आहे. उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत जुने म्हणून मात्र ‘कल्याण खजिना’चे (१९२४) नाव घेतात. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. प्रभात कंपनी १९२९ मध्ये येथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली.

स्थानिक केबल वाहिनीवरील जाहिरातीचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. ती दूरदर्शनवरील शीर्षकपाटीची (अक्षरे लिहिलेल्या स्थिर पाटीची) नक्कल आहे, असे एक मत संभवते. दुसरे असे की, मध्यंतरात चित्रपटगृहाच्या पडद्यावर पडणारी हाताने रंगवलेली काचेची स्लाइड हीच तिची पूर्वज. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. महाद्वार रोडवरील साडीचे दुकान, गुजरीतील सराफ, राजारामपुरीतील शिकवणीवर्ग यांची जाहिरात केबलवर आली तेव्हा तिची मांडणी स्लाइडचीच होती : वर देवाचे किंवा मालकाचे चित्र, मध्ये ठसठशीत नाव, खाली पत्ता आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’. दूरदर्शनच्या शीर्षकपाटीत असा पत्ता नसे. आवाजाचे मूळ आणखी वेगळे : गल्लोगल्ली फिरणाऱ्या रिक्षावरचा कर्णा, आणि त्याच्याही मागे दवंडी. वाक्ये तोडून, शेवटचा स्वर लांबवून, दुकानाचे नाव तीनदा घेण्याची लकब तेथूनच आली असावी.

सणांनुसार हा साचा बदलतो. गुढीपाडवा, अक्षय तृतीया व दसरा हे सोन्याचे आणि वाहनांचे दिवस. साडी-कपड्यांसाठी दिवाळी, वर्गांसाठी जून. कोल्हापुरी साज किंवा चपलेच्या जाहिरातीत चित्र स्थिर असण्याचा फायदाच होतो, कारण साजातील पदके आणि चपलेची वेणी डोळ्यांना नीट पाहता येते.

पट्टी : चालू कार्यक्रमाच्या खालून सरकणारा मजकूर हा स्थानिक वाहिन्यांचा सर्वांत स्वस्त प्रकार. उभा-आडवा कोपरा व्यापणारी ‘एल’ पट्टी ही त्याची मोठी बहीण. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतील सातव्या नियमानुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर वा सरकता मजकूर देऊन तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. याच नियमाने तासाला १२ मिनिटांची मर्यादाही घातली आहे : १० मिनिटे व्यावसायिक जाहिरातींना, २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांना. पट्टी सर्रास दिसत असली तरी नियमाचा शब्द तिच्या बाजूचा नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासाही द्यावा लागतो. त्यामुळे मोठ्याने मराठीत सांगितलेल्या सवलतीच्या अटी तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत टाकता येत नाहीत, आणि हे मुंबईत तयार होणाऱ्या जाहिरातपटाइतकेच गुजरीतल्या सराफाच्या स्लाइडलाही लागू होते.