प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर का उलटते: दोनशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

हाशिमोटोचा थायरॉइड, सकाळी आखडणारी बोटं, सोरायसिसचे चट्टे, मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, लहान मुलांचा टाइप १ मधुमेह. या तक्रारींचे डॉक्टर वेगळे, तपासण्या वेगळ्या, गोळ्याही वेगळ्या. मुळाशी मात्र बिघाड एकाच यंत्रणेचा आहे: प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर चालून जाते, किंवा एकदा पेटलेला दाह वेळेत विझत नाही. श्रीमंत देशांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत यातले बरेच आजार वाढले, आणि त्याचं तयार उत्तर आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरत असतं. मुलं मातीत खेळत नाहीत, सगळीकडे सॅनिटायझर, म्हणून हे होतं. हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण ज्या संशोधनातून ते आलं त्यात सांगितलेलं बरंच काही वाटेत गळून गेलं आहे.

पहिला धागा अ‍ॅलर्जीचा आहे. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने एका वैद्यकीय सभेपुढे दरवर्षी जूनमध्ये डोळे-नाक वाहण्याच्या त्रासाची हकीकत मांडली. रुग्ण तो स्वतःच होता. पुढची नऊ वर्षं शोधून त्याला आणखी जेमतेम २८ रुग्ण सापडले, आणि त्यात गरिबाघरचं कुणी नव्हतं. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने हा त्रास परागकणांमुळे होतो हे स्वतःवर प्रयोग करून दाखवलं आणि तो कोड्यात पडला. दिवसभर परागकणांत उभा असणारा शेतकरी ठणठणीत, आणि शिंका शहरातल्या शिकलेल्या माणसाला. हे कोडं पुढे शंभर वर्षं कुणी फारसं हातात घेतलं नाही.

दुसरा धागा स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे ज्याला आपण सर्रास ऑटोइम्यून म्हणतो त्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एरलिख या जर्मन शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की शरीर स्वतःवर विष सोडण्याचं टाळतं, तशी सोय त्यात असलीच पाहिजे. एरलिखचा दबदबा एवढा की १९०४ मध्येच उलट पुरावा हाती आला, थंडीत स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, तरी मुख्य मत जागचं हललं नाही. जपानच्या हाकारू हाशिमोटोने १९१२ मध्ये पांढऱ्या पेशींनी भरलेल्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन केलं, तेही तसंच पडून राहिलं. १९५६ मध्ये अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशाला त्याच्याच थायरॉइडचा अर्क टोचला आणि त्याची ग्रंथी तशीच बिघडवून दाखवली. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटीबॉडी मिळाल्या. पन्नास वर्षं मोडून काढलेली कल्पना एका वर्षात पाठ्यपुस्तकात गेली. म्हणूनच ‘आमच्या आजी-आजोबांच्या काळी हे आजार नव्हते’ हे वाक्य जपून वापरावं लागतं. त्या काळी हे आजार ओळखण्याची सोयच नव्हती.

पण ओळखण्याची सोय झाल्यावरही ते सगळीकडे सारखे दिसेनात. साठच्या दशकात नायजेरियात इबादानच्या इस्पितळात काम करणाऱ्या ब्रायन ग्रीनवुड या ब्रिटिश डॉक्टरला हजारो रुग्णांत ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांवर उलटणारा आजार) किंवा सांधे सुजवणाऱ्या आमवाताचे रुग्ण फारच थोडे आढळले. तिथल्या लोकांना लहानपणापासून मलेरिया आणि जंत चिकटलेले असतात, यात त्याचं कारण असावं असं त्याने १९६८ मध्ये लिहिलं. मायदेशी परतल्यावर ज्यांना ल्युपससारखा आजार हमखास होतो अशा उंदरांना त्याने उंदरांचा मलेरिया दिला. त्यांचा आजार दबला. प्रयोग चांगला होता, पण त्या काळी हा विषय कुणाच्या यादीत नव्हता.

तो यादीत आला १९८९ मध्ये, आणि तोही अ‍ॅलर्जीच्या वाटेने. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर ब्रिटिश मुलांच्या २३ वर्षांच्या नोंदी तपासल्या. परागज्वराशी, म्हणजे बोस्टॉकच्या त्याच त्रासाशी, सगळ्यांत घट्ट संबंध निघाला तो घरातल्या भावंडांशी, त्यातही मोठ्या भावंडांशी. थोरल्यांमागून आलेल्या धाकट्याला परागज्वर कमी. मोठी मुलं बाहेरून जंतुसंसर्ग घरी आणतात आणि धाकट्याला तो लवकर लागतो, असं स्ट्रॅचन यांनी सुचवलं. ‘हायजीन हायपोथेसिस’ हे नाव इथून पुढे रूढ झालं. त्या लेखात माती नव्हती, वैयक्तिक स्वच्छतेचा उल्लेख ओझरताच होता. भावंडं होती, आणि लागण कोणत्या वयात होते हा मुद्दा होता. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, वयाचा.

लगेच जर्मनीचं एकीकरण झालं आणि एरिका फॉन म्यूटियस या जर्मन डॉक्टरांना आयता प्रयोग मिळाला. पूर्व जर्मनीतली लाइपझिग आणि हाले ही शहरं कोळशाच्या धुराने काळवंडलेली, म्युनिक स्वच्छ. दमा आणि अ‍ॅलर्जी पूर्वेला जास्त असणार ही त्यांची अपेक्षा होती. अ‍ॅलर्जी निघाली म्युनिकमध्ये जास्त. पूर्वेकडची मुलं वर्षाच्या आत पाळणाघरात जात, घरं दाटीची असत. धूर फुप्फुसाला वाईट खराच, पण अ‍ॅलर्जीचं मूळ त्यात नव्हतं.

आता कारेलिया. फिनलंड आणि रशियाच्या सीमेवरचा हा प्रदेश दुसऱ्या महायुद्धात तुटला आणि दोन्हीकडे वाटला गेला. हवा तीच, बर्फ तेवढंच, सूर्यप्रकाश तेवढाच, आणि टाइप १ मधुमेहाला पोषक ठरणारी जनुकंही दोन्ही बाजूंना सारख्याच प्रमाणात. फिनलंडमध्ये या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक: पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला पन्नास-साठ नवे रुग्ण. सीमेपलीकडे रशियन कारेलियात ते सुमारे एक षष्ठांश. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं खराब होण्याचा आजार, तोही रशियन बाजूला कित्येक पट कमी, आणि गहू दोन्हीकडे भरपूर. फरक राहतो तो उत्पन्नाचा, पाण्याचा आणि जंतूंचा. रशियन मुलांच्या रक्तात कावीळ अ, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, हेलिकोबॅक्टर हा पोटातला जिवाणू यांच्या खुणा जास्त. टाइप १ मधुमेहाला चालना देण्याचा आरोप ज्या एंटेरोव्हायरसवर (आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचा गट) होतो, तोसुद्धा रशियन बाजूलाच जास्त!

या विरोधाभासाच्या मुळाशी जाण्यासाठी फिनलंड, एस्टोनिया आणि रशियन कारेलिया इथल्या दोनशेहून अधिक बाळांचा जन्मापासून तीन वर्षं पाठपुरावा झाला. आयांनी बाळाच्या शीचे नमुने दर महिन्याला घरीच घ्यायचे आणि पुढच्या भेटीपर्यंत स्वतःच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे, अशी पद्धत होती. घरोघरच्या फ्रीझरमधून निघालेल्या या डब्यांवरचा निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आला. फिनिश आणि एस्टोनियन बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटातले जिवाणू जास्त, रशियन बाळांत ई. कोलाय वगैरे. दोन्ही जिवाणूंच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ असतो, पण त्याची घडण वेगळी. ई. कोलायचा पदार्थ कोवळ्या प्रतिकारयंत्रणेला चांगला हलवून जागं करतो, मग ती सवयीने शांत राहायला शिकते. बॅक्टेरॉइडिसचा पदार्थ तिला हलवत नाही, उलट ई. कोलायचा परिणामही दाबतो. मधुमेह होणाऱ्या उंदरांना ई. कोलायचा पदार्थ टोचल्यावर त्यांचा आजार लांबला; बॅक्टेरॉइडिसचा टोचल्यावर लांबला नाही. उंदरांवरचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, हे आहेच. तरी सीमेवरच्या आकड्याला शरीरातली एक घडामोड पहिल्यांदा जोडता आली.

शांत राहायला शिकणं ही कल्पना कुठून आली? नव्वदच्या दशकातलं स्पष्टीकरण साधं होतं. टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, दोन फळ्या: एक जिवाणू-विषाणूंसाठी, दुसरी जंतांसाठी आणि चुकून अ‍ॅलर्जीसाठी. संसर्ग कमी झाले की पहिली फळी ढिली पडते आणि दुसरी डोईजड होते, म्हणून अ‍ॅलर्जी. ऐकायला छान, पण टिकलं नाही. टाइप १ मधुमेहासारखे आजार पहिल्याच फळीतून येतात. मग ते कमी व्हायला हवे होते, आणि ते तर अ‍ॅलर्जीसोबतच वाढत होते. २००२ मध्ये फ्रान्सच्या जाँ-फ्रान्स्वा बाख यांनी दोन आलेख शेजारी छापले: एकात १९५० पासून गोवर, गालगुंड, क्षयरोग खाली येताहेत, दुसऱ्यात दमा, क्रोन्स (आतड्यांचा दाह), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूवरचा हल्ला), टाइप १ मधुमेह वर जाताहेत. म्हणजे दोन्ही फळ्यांवर लगाम ठेवणारं तिसरं काहीतरी ढिलं पडलं असलं पाहिजे. तो लगाम म्हणजे नियामक टी-पेशी. जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांचं जनुक शोधलं, आणि तिघांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ग्रॅहम रूक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावरून ‘जुने मित्र’ ही मांडणी केली. गोवर, कॉलरा हे माणसांची दाट वस्ती झाल्यावरचे पाहुणे. लगाम घट्ट ठेवतात ते त्याहून फार जुने सोबती: आतड्यातले जिवाणू, मातीतले निरुपद्रवी जिवाणू, जंत. ही मांडणी मान्य केली तर लस टाळण्याला किंवा हात न धुण्याला काही आधार उरत नाही.

वयाचा मुद्दा इथे परत येतो, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो पोलिओत. पूर्वी अस्वच्छ पाण्यातून जवळजवळ प्रत्येक बाळाला पोलिओचा विषाणू लागत असे, पण आईकडून आलेल्या अँटीबॉडी अंगात असतानाच, त्यामुळे बहुतेकांचं निभावून जाई. शहरं स्वच्छ झाली, लागण पुढच्या वयावर ढकलली गेली आणि लुळेपणाच्या मोठ्या साथी सुरू झाल्या. एंटेरोव्हायरस आणि टाइप १ मधुमेह यांच्या बाबतीतही असंच असावं, असं काही फिनिश संशोधकांचं मत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचा पुरावा तर आणखी भक्कम. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे एक कोटी लोकांच्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात हा विषाणू असतोच. आपल्याकडे तो बहुधा बाळपणीच, साध्या तापाच्या रूपात येऊन जातो. तरुणपणी आला तर ग्रंथी सुजवणारा ग्लँड्युलर फीव्हर होतो, आणि असा ताप झालेल्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस अधिक आढळतो.

इथपर्यंत सगळं नीट जुळतं, आणि मग भिगवण येतं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची सांधेदुखीसाठी पाहणी केली. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे रुग्ण निघाले साधारण अर्धा टक्का. हा आकडा युरोपातल्या आकड्यांच्या रांगेत बसतो. ग्रामीण नायजेरियात सुमारे दोन हजार प्रौढांच्या पाहणीत एकही रुग्ण सापडला नव्हता; भिगवणही खेडंच, जनावरं-जंत-जुलाब यांची तिथे वानवा नव्हती. म्हणजे आमवाताचं गणित निराळं. त्यात तंबाखूचा धूर येतो, दगडखाणीतली सिलिका धूळ येते, हिरड्यांचे जिवाणू येतात. धूम्रपान आणि विशिष्ट जनुकं एकत्र आली तर धोका कितीतरी पटींनी वाढतो हे स्वीडनमध्ये दिसलं आहे. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महाराष्ट्रात अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने आमवातासारखे सुजलेले राहिले, तेव्हा ‘संसर्ग कमी म्हणून आजार’ हे सूत्र इथल्या डॉक्टरांना फार उपयोगी पडलं नसणार.

तीच गोष्ट आतड्यांची. पंजाबात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे ४४ निघालं, आशियाच्या मानाने बरंच. इंग्लंडमधल्या लेस्टरला स्थायिक झालेल्या भारतीयांत तर तो स्थानिक गोऱ्यांहून अधिक आढळला होता. काही दशकांत जनुकं बदलत नाहीत. आहार, अँटिबायोटिक आणि राहणी बदलते.

उलट बाजूने उपचार करण्याचेही प्रयत्न झाले. अर्जेंटिनात जंत झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बारा रुग्णांचा आजार संथ चालताना दिसला, २००७ मध्ये. त्याआधीच अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांना डुकरांच्या जंतांची अंडी पाजून पाहिली होती, आणि पहिले निकाल उत्साह वाढवणारे होते. पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो उत्साह टिकला नाही. वीस-तीस वर्षांच्या माणसाला आता जंत देणं आणि ते बाळपणापासून अंगात असणं यात फरक असावा. म्हणजे परत वयच.

‘सगळंच वाढतंय’ या समजालाही आता आकड्यांनी थोडा आवर घातला आहे. ब्रिटनमधल्या २.२ कोटी लोकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये दिसलं की १९ ऑटोइम्यून आजारांपैकी एखादा तरी दर दहातल्या एकाला आहे, बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. पण २००० ते २०१९ मध्ये एकूण वाढ किरकोळच: सीलिअ‍ॅक, ग्रेव्हज (थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार), श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) वाढले, तर हाशिमोटो चक्क घटला. फिनलंडमध्येही टाइप १ मधुमेहाची पन्नास वर्षांची चढण २००६ च्या सुमारास थांबली. तिथे २००३ पासून दुधात ड जीवनसत्त्व घातलं जातं, आणि काही संशोधक तिकडे बोट दाखवतात. त्या काळात फिनिश मुलं अचानक मळकी झाली होती, असं मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही.