संहिता दुसऱ्याच्या हाती देण्याआधी : बडोद्याच्या लेखकांसाठी कॉपीराइट नोंदणीची माहिती

काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या एका दुकानात मी माझ्या एकांकिकेच्या पाच झेरॉक्स काढल्या, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि त्याच संध्याकाळी एका हौशी संस्थेला नेऊन दिल्या. "वाचून कळवतो," म्हणाले. दीड वर्षाने त्या एकांकिकेचा गुजराती प्रयोग झाला, पत्रिकेवर लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव. आजी पितळी डबा उघडते आणि आत फक्त एक किल्ली निघते, हा माझा प्रसंग संवादांसकट तसाच होता. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्हीच तर म्हणालात, करा." माझ्याकडे दाखवायला काय होतं? हाताने लिहिलेली वही, तीही तारखेशिवाय. परवानगी दिली की नाही, कशाची दिली, याचा एक कागद नव्हता. विषय तिथेच संपला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एक गैरसमज दूर करू. कॉपीराइट नोंदणीमुळे मिळत नाही. तुम्ही संहिता लिहिलीत, कागदावर किंवा संगणकावर, की १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ती तुमची झाली. नोंदणी ऐच्छिक आहे. मग करायची कशाला? कारण कायद्याच्या ४८व्या कलमाप्रमाणे नोंदवहीतली नोंद हा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे 'हे माझं आहे' हे तुम्ही पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं नाही. 'तुमचं नाही' हे समोरच्याने दाखवायचं.

दुसरी गोष्ट कल्पनेची. 'दोन भावांच्या वाड्यावरून भांडणाची गोष्ट' ही कल्पना कुणाचीच मालमत्ता नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं आणि दावा लावणारा नाटककार हरला. संरक्षण मिळतं ते मांडणीला : प्रसंगांचा क्रम, पात्रं, संवाद. म्हणून नोंदणीला दोन पानी कथासार पाठवू नका. पूर्ण संहिता पाठवा. जितकं तपशिलात लिहिलेलं, तितकं चोरीशी ताडून दाखवता येतं.

अर्ज कोण करू शकतो? स्वतः लेखक, लेखकाकडून लेखी हस्तांतरणाने हक्क घेतलेली व्यक्ती किंवा संस्था, आणि लेखक हयात नसेल तर वारस. वकिलामार्फतही करता येतो, पण वकील लागतोच असं नाही. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर दोघांची नावं घाला. तालमीत दिग्दर्शकाने चार सूचना केल्या म्हणून तो सहलेखक होत नाही, हेही लक्षात असू द्या. नोकरीत, पगाराच्या कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो.

कॉपीराइट कार्यालय दिल्लीत द्वारकेच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, पण तिथे जायची गरज नाही. copyright.gov.in ऐवजी कुठल्या तरी दलालाच्या साइटवर पोचू नये म्हणून पत्ता नीट वाचून घ्या : कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इन. तिथे खातं उघडायचं आणि फॉर्म चौदा भरायचा. एका अर्जात एकच कृती. तीन एकांकिका असतील तर तीन अर्ज. साहित्य आणि नाट्यकृतीसाठी शुल्क दर कृतीला ५०० रुपये आहे. ते परत मिळत नाही.

फॉर्मसोबत दोन विवरणपत्रं येतात. पहिल्यात अर्जदाराचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व, कृतीचं शीर्षक, भाषा, ती प्रकाशित आहे की अप्रकाशित, प्रकाशित असेल तर वर्ष, देश, प्रकाशक, आणि हक्क कुणाकडे किती, हे विचारतात. शीर्षक संहितेवर आहे तेच, अक्षर न अक्षर, फॉर्ममध्ये आलं पाहिजे.

दुसरं विवरणपत्र आपल्या गावासाठी जास्त महत्त्वाचं. त्यात विचारतात : कृती स्वतंत्र आहे, अनुवाद आहे की रूपांतर? बडोद्यात मराठीचं गुजराती आणि गुजरातीचं मराठी सतत होत असतं, आणि 'रूपांतर केलं म्हणजे माझं झालं' असं सर्रास मानलं जातं. तसं नाही. मूळ कृतीवर कुणाचा कॉपीराइट जिवंत असेल तर अनुवाद आणि रूपांतराचा हक्क त्याचा आहे. त्याच्या परवानगीचा तपशील या विवरणपत्रात द्यावा लागतो. परवानगीने केलेल्या रूपांतरावर रूपांतरकाराचा स्वतःचा हक्क असतो, पण त्याच्या कामापुरता.

जोडायची कागदपत्रं फार नाहीत. कृतीच्या दोन प्रती. अर्जदार आणि लेखक वेगळे असतील तर लेखकाचं ना-हरकत पत्र. पुस्तक छापलं असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याचंही. वकील असेल तर सहीचं वकीलपत्र. आणखी कुणी त्या कृतीवर हक्क सांगत असेल तर त्याला अर्जाची सूचना पाठवायची असते. ती पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा.

शुल्क भरलं की डायरी नंबर मिळतो. तो वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यानंतर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात. कुणाची हरकत आली तर दोन्ही बाजूंचं ऐकून घेतात. नाही आली तर तपासणी होते, आणि त्रुटी असेल तर पत्र येतं. इथेच बरेच अर्ज पडून राहतात, कारण ईमेल कुणी उघडतच नाही. आठवड्यातून एकदा डायरी नंबर टाकून स्थिती पाहा.

पटकथा लिहिणाऱ्यांना मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडेही संहिता नोंदवता येते. आधी सभासद व्हावं लागतं. ती सरकारी नोंदणी नाही, पण अमुक तारखेला ही संहिता अशी होती, याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि निर्मात्याला पाठवण्याआधी झटपट होते. महाराष्ट्रात प्रयोगासाठी घेतलेलं परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र म्हणजे कॉपीराइट, असं मात्र समजू नका. ते प्रयोगाची मुभा देतं, मालकी ठरवत नाही. स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून ते सीलबंद ठेवायच्या जुन्या युक्तीलाही कायद्यात वेगळं स्थान नाही.

माझ्या मते मात्र नोंदणीइतकाच, कदाचित थोडा जास्त, परवानगीचा कागद महत्त्वाचा. माझं नुकसान तिथे झालं. हक्क देणं असो की नुसती प्रयोगाची परवानगी, कायद्याला ते लेखीच लागतं. संस्थेला संहिता देताना साध्या कागदावर लिहा : कोणती संहिता, कोणत्या भाषेत, किती प्रयोग, कोणत्या तारखेपर्यंत, मानधन किती, आणि 'रूपांतर, चित्रीकरण व इंटरनेटवर प्रसारण यांची परवानगी नाही'. दोघांच्या सह्या आणि तारीख. हस्तांतरण करत असाल तर मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश न लिहिल्यास संपूर्ण भारत. हक्क घेऊन समोरच्याने वर्षभर वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो हक्क संपतो. आणि सगळे हक्क विकून टाकले तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क, ५७व्या कलमाप्रमाणे, तुमच्याकडेच राहतो.

चोरी झालीच तर आधी वकिलामार्फत नोटीस. दावा जिल्हा न्यायालयात लावायचा, आणि लेखक राहतो त्या गावी तो लावता येतो. समोरचा निर्माता मुंबईचा असला तरी बडोद्याच्या लेखकाला दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात उभं राहता येतं. फौजदारी बाजूही आहे : ६३व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड.

राहिला वारसांचा प्रश्न, जो मला रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून नेहमी विचारला जातो. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. आजोबा १९९० साली गेले असतील तर त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या नाटकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०५० पर्यंत घरातच आहे. मृत्युपत्रात अप्रकाशित हस्तलिखित कुणाला दिलं असेल तर, वेगळं काही लिहिलेलं नसल्यास, कॉपीराइटही त्याच्याकडे जातो. ट्रंकेतल्या त्या वह्या रद्दीत घालण्याआधी स्कॅन करा, आणि अर्जात लेखकाच्या रकान्यात आजोबांचं नाव व मृत्यूची तारीख लिहा, अर्जदाराच्या रकान्यात तुमचं.